दोनच पिझ्झ्यांचे दुकान

दुकानात जितके वाण अधिक तितके गिऱ्हाईक अधिक, असा व्यापारात एक सर्वसाधारण समज असतो. इटलीच्या दक्षिणेकडील नेपल्स शहरात पिझ्झ्याचे एक दुकान शंभराहून अधिक वर्षे या समजाच्या उलट चालत आले आहे, आणि उत्तम चालले आहे. ‘लान्तिका पिझ्झेरिया दा मिकेले’ हे त्याचे नाव. तेथे वर्षानुवर्षे दोनच प्रकार मिळत आले: मारिनारा आणि मार्गेरिता. अलीकडे त्यांत एक-दोन नावांची भर पडली असली, तरी तीही याच दोहोंची भावंडे आहेत. टोमॅटो, चीज, तेल, लसूण आणि सुगंधी पाने यांपलीकडे काही नाही. सलामी नाही, हॅम नाही, मासळी नाही. ज्या देशात साध्या भाजीच्या रश्शातही मांसाचा अर्क असू शकतो, त्या देशात मांसाचा तुकडाही जिच्यात जात नाही अशी भट्टी सापडणे, ही जैन प्रवाशाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. तथापि, ‘मांस नाही’ म्हणजे ‘आपल्याला चालेल’ असे समीकरण मांडण्याची घाई मात्र कोणी करू नये. त्याचा हिशेब पुढे येईलच.

कोन्दुर्रो घराण्याने हा धंदा १८७० मध्ये आरंभिला. मिकेले कोन्दुर्रो यांनी १९०६ मध्ये स्वतःचे दुकान थाटले. ती जागा रुग्णालयाच्या बांधकामासाठी सोडावी लागली, तेव्हा १९३० मध्ये दुकान फोर्चेल्ला या दाट वस्तीच्या भागात, व्हिया चेझारे सेर्साले या रस्त्यावर आले आणि तेथेच स्थिरावले. आजही ते घराण्याच्याच हाती आहे. जगातील अनेक शहरांत याच नावाच्या शाखा निघाल्या असून त्यांच्या याद्या पुष्कळ लांब आहेत. येथे जे लिहिले आहे ते केवळ या मूळ दुकानापुरते.

आपल्या समाजातील कुटुंबे इटलीला जातात ती बहुधा रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस या वाटेने. पुष्कळदा सहल कंपनीचा स्वयंपाकी बरोबर असतो, त्यामुळे पोळी-भाजी, खिचडी आणि खाखरे यांची वाण पडत नाही. नेपल्स वाटेत लागते ते पाँपेईचे अवशेष किंवा काप्री बेट पाहण्यासाठी, आणि तेही दोन-तीन तासांपुरते. निराळी गोष्ट व्यापाऱ्यांची. व्हिचेन्झाच्या दागिन्यांच्या प्रदर्शनाला जाणारे आपले सराफ आणि रत्नव्यापारी दक्षिणेकडेही उतरतात, कारण नेपल्सजवळचे तोर्रे देल ग्रेको हे गाव पोवळ्याच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे आणि मार्चानिझे येथे सुवर्णकारांची मोठी पेठ आहे. इटलीचे पोवळे आणि हिंदुस्थानचे हिरे यांची देवघेव तर जुनीच. अठराव्या शतकात लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातील पोवळे गोव्याला पाठवीत आणि त्याच्या मोबदल्यात हिरे मागवीत. असा व्यापारी एकटा असतो, बरोबर स्वयंपाकी नसतो, आणि दुपारी दोनच्या सुमारास बॅगेतील खाखरे संपलेले असतात. प्रश्न उभा राहतो तो तेथे.

नेपल्सच्या मुख्य रेल्वेस्थानकापासून हे दुकान पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. रुंद कोर्सो उंबेर्तो मार्गाने थोडे चालून उजवीकडे वळले की दोरीवर वाळत घातलेले कपडे, दुचाक्यांची गर्दी आणि भाजीवाल्यांच्या आरोळ्या सुरू होतात. मुंबईच्या भुलेश्वरात वावरलेल्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. दुकान लहान. भिंतींना पांढऱ्या-हिरव्या फरश्या, संगमरवरी फळ्यांची मेजे, समोर उघडी भट्टी. दारात क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि रस्त्यावर उभे राहायचे. आपला क्रमांक इटालियनमध्येच पुकारला जातो, म्हणून चिठ्ठी हाती पडताच तो आकडा इटालियनमध्ये कसा म्हणतात हे शेजाऱ्याला विचारून ठेवावे. मेज रिकामे असेल तेथे अनोळखी माणसांशेजारीही बसवतात.

हे दुकान ‘शोधून काढले’ असे म्हणणे आता धाडसाचे ठरेल. एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या ‘ईट प्रे लव्ह’ या २००६ च्या पुस्तकात त्याचे वर्णन आले, २०१० च्या चित्रपटात ज्यूलिया रॉबर्ट्स तेथे पिझ्झा खाताना दिसल्या, आणि तेव्हापासून रांग लांबतच गेली. सकाळी अकराच्या सुमारास, दुकान उघडण्याच्या वेळी, आठवड्याच्या मधल्या वारी गेल्यास ती सुसह्य असते. जगजाहीर झालेल्या या दुकानात आपल्या वाचकांना सापडण्यासारखे जे आहे, ते वेगळेच आहे. ते समजण्यासाठी पिझ्झा नेपल्समध्ये कसा वाढला आणि कसा होतो, हे थोडे पाहावे लागते.

पिझ्झा हे मुळात गरिबांचे खाणे. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा १८३५ मध्ये नेपल्सला आला होता. १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिले की, येथील मजूर हिवाळ्यात पिझ्झ्यावर जगतो, आणि पिझ्झा हा बाजाराचा तापमापक आहे: तेल, चीज, टोमॅटो, मासळी यांचे भाव चढले-उतरले की त्या-त्या पिझ्झ्याचा भावही चढतो-उतरतो, आणि त्यावरून साल सुबत्तेचे की टंचाईचे ते ओळखता येते. कादंबरीकाराला ही व्यापारी नजर असावी, हे विशेषच. पुढे १८८४ मध्ये माटिल्दे सेराओ या पत्रकार लेखिकेने नेपल्सच्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिले. त्यात पिझ्झ्याचे तुकडे करून रस्त्याच्या कोपऱ्यावर विकणारी पोरे आहेत आणि शाळेला जाणाऱ्या मुलांसाठी कापलेले दोन चेंतेसिमींचे चिमुकले तुकडेही आहेत. त्याच पुस्तकात एका व्यापाऱ्याची हकीकत येते. रोममध्ये नेपल्सची माणसे पुष्कळ आहेत, तेव्हा तेथे पिझ्झेरिया चालेल, असा हिशेब करून त्याने दुकान काढले. आरंभी गर्दी लोटली. नवलाई ओसरताच दुकान बसले. ज्या पदार्थावर आज जगभर अब्जावधींची उलाढाल होते, तो एकोणिसाव्या शतकात नेपल्सहून रोमलासुद्धा नेता आला नाही, हे नव्या धंद्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

राणी मार्गेरिताची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. १८८९ मध्ये राणी नेपल्सला आली असता राफाएले एस्पोझितो याने तिच्यासाठी टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि बेझिलची पाने घातलेला तीन रंगांचा पिझ्झा केला आणि त्याला तिचे नाव पडले, अशी ती कथा. ब्रांदी नावाच्या पिझ्झेरियात राजवाड्याचे आभारपत्रही लावलेले आहे. इतिहासकारांना त्या पत्राविषयी शंका आहेत आणि तशा प्रकारचा पिझ्झा त्याआधीही होत असल्याचे दिसते. तेव्हा ती कथा म्हणूनच ऐकावी. मारिनाराला मात्र अशी राजकथा नाही. तो खलाशांचा पिझ्झा, नावही त्यावरूनच पडले. नावात समुद्र असल्यामुळे त्यात मासळी असणार, असे समजून अनेक शाकाहारी प्रवासी नेमका तोच टाळतात. प्रत्यक्षात टोमॅटो, लसूण, वाळलेला ओरेगानो आणि तेल, एवढेच त्यात असते. चीज नसते.

येथे पहिली महत्त्वाची गोष्ट हाती लागते. नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झ्यावर जो टोमॅटो पसरतात, तो आधी शिजवलेला नसतो. साल काढलेले टोमॅटो हाताने चुरडून त्यांत मीठ घातले की काम झाले. आपल्याकडच्या मोठ्या साखळी दुकानांत किंवा युरोपातील पर्यटकी उपाहारगृहांत वापरतात ते लालभडक मिश्रण पिंपाने आलेले असते. त्यात कांदा, लसूण, साखर आणि आणखी काय काय आधीच शिजलेले असते. तेथे ‘लसूण नको’ असे सांगितले तर नोकर हसून मान डोलावतो, वरचा लसूण काढतो आणि आतला तसाच राहतो. नेपल्सच्या लहान दुकानात लसणाचे काप शेवटी वरून टाकतात. ते टाकू नका म्हटले की लसूण खरोखरच नसतो. कारण हे सारे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, भट्टीजवळच्या संगमरवरी ओट्यावर होते: उंडा घेतला, बोटांनी दाबून पसरला, टोमॅटो फिरवला, ओरेगानो चुरला, तेलाची धार धरली, भट्टीत सरकवला. आत स्वयंपाकघर नाही, मागचा दरवाजा नाही. खातेवही उघडी ठेवून बसलेल्या मुनिमासारखा हा कारभार आहे.

दुसरी गोष्ट पिठाची. ड्यूमाच्या काळी पिझ्झ्यावर डुकराची चरबी सर्रास लावीत. इटलीत आजही काही भागांत पावाच्या व भाकरीच्या पिठात ती घालतात. तिला स्ट्रुत्तो म्हणतात, नेपल्समध्ये सुन्या. परंतु १९८४ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्या घराण्यांनी एकत्र येऊन अस्सल नेपोलितान पिझ्झ्यासाठी जी संस्था स्थापिली, तिच्या नियमांप्रमाणे पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट या चारच वस्तू असाव्या लागतात; तेल किंवा चरबी घालायची नसते. युरोपीय संघाने २०१० मध्ये या पिझ्झ्याला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले आणि २०१७ मध्ये युनेस्कोने पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. गौरवाच्या या गोष्टी असोत. श्रावकाच्या कामाचा आहे तो चार वस्तूंचा नियम.

भट्टी विटांची, घुमटाकार आणि लाकडावर पेटणारी. आतील उष्णता सव्वाचारशे अंश सेल्सियसच्या वर असते, म्हणून पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. कडा फुगून तिच्यावर काळे ठिपके येतात, मध्यभाग मऊ राहतो, हाताने उचलला तर लोंबतो. कुरकुरीत पिझ्झ्याची सवय असलेल्यांना तो प्रथम कच्चा वाटतो. रस्त्यावर उभ्याने खाणारे लोक त्याची चौपदरी घडी घालतात आणि त्या प्रकाराला पैशांच्या पाकिटाचेच नाव आहे, पोर्ताफोल्यो. धंद्याचे गणितही या नव्वद सेकंदांत आहे. भट्टीत एका वेळी पाच पिझ्झे मावतात आणि घालण्या-काढण्यासह एका खेपेला दोन मिनिटे लागतात असे धरले, तर तासाला दीडशे पिझ्झे होतात. गिऱ्हाईक वीस-पंचवीस मिनिटांत उठते. माल चार-पाच वस्तूंचा, तोही रोज संपणारा; साठा पडून राहत नाही, नासत नाही, भांडवल अडकत नाही. म्हणूनच पाच-सहा युरोंच्या आसपास, म्हणजे शहरातील साध्या जेवणाहून कमी पैशांत, तो परवडतो. कर्जाच्या अर्जाबरोबर असा ताळेबंद आला, तर शाखाधिकाऱ्याला शंका काढण्यास फारशी जागा उरणार नाही.

आता तो राहिलेला हिशेब. नातवंडांचा हट्ट बहुधा मारिनारासाठी नसतो, मार्गेरितासाठी असतो; आणि खरी अडचण तेथेच आहे. चीज करताना दूध गोठवण्यासाठी रेनेट नावाचा पदार्थ लागतो. पारंपरिक रेनेट दूध पिणाऱ्या वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढतात, आणि ते त्या जीवाला मारल्यानंतरच मिळते. सूक्ष्म जीवांपासून तयार केलेले रेनेटही मिळते. भारतात हिरव्या ठिपक्याखाली विकले जाणारे चीज अशा अप्राणिज रेनेटचे असते, त्यामुळे आपली मुले निःशंकपणे खातात. पनीर तर लिंबाने किंवा आम्लाने फाडलेले असते, तेथे प्रश्नच येत नाही. इटलीत मात्र परंपरेचे संरक्षण हाच प्राणिज रेनेटचा आधार झाला आहे. पार्मिजानो रेज्जानो या चीजला ते नाव लावायचे तर वासराचेच रेनेट वापरावे लागते; पेकोरिनो रोमानोला कोकराचे. नेपल्स परिसरातील म्हशीच्या दुधाच्या संरक्षित मोझ्झारेल्लासाठीही नैसर्गिक रेनेटचीच अट आहे. पिझ्झ्यावर बहुधा घालतात ते गाईच्या दुधाचे ‘फियोर दि लात्ते’. त्याचे रेनेट दूधवाल्यागणिक निराळे असू शकते, आणि पिझ्झेरियातील नोकराला ते ठाऊक असेलच असे नाही.

गोंधळ आणखी एका कारणाने होतो. इटालियन माणसाच्या लेखी ‘वेजेतारियानो’ म्हणजे ज्यात मांस-मासळी दिसत नाही ते. पार्मिजानो त्याला निर्विवाद शाकाहारी वाटते. तो खोटे बोलत नसतो. त्याची व्याख्याच तेथे संपते. इटलीत आपल्यासारखा हिरवा-तपकिरी ठिपका लावण्याची सक्ती नाही. म्हणून ‘वेजेतारियानो’पेक्षा ‘वेगानो’ हा शब्द अधिक उपयोगी पडतो. त्यात दूध, चीज, अंडे, चरबी सारेच वगळले जाते, आणि हा शब्द आता इटलीत लहानमोठ्या सर्वांना कळतो. जैन म्हणजे काय हे समजावण्यास अर्धा तास लागेल. ‘वेगानो, सेन्झा आल्यो’ हे तीन शब्द पुरतात. सेन्झा म्हणजे शिवाय आणि आल्यो म्हणजे लसूण. रेनेटला इटालियनमध्ये ‘काल्यो’ म्हणतात. एका अक्षराचा फरक, आणि योगायोग असा की आपल्याला दोन्हीही नको असतात. उच्चाराचा भरवसा नसेल तर निवासाच्या ठिकाणी कोणाकडून तरी कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद ओट्यावर दाखवावा.

म्हणजे लसूण वगळलेला मारिनारा हा नेपल्समधील सर्वांत जुन्या पिझ्झ्यांपैकी एक, सर्वांत स्वस्त, आणि अहिंसेच्या निकषाला सर्वांत जवळचा. तोंडी लावायला चीज नसताना पिझ्झा कसा लागणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या ज्वालामुखी मातीत पिकणारा लांबट टोमॅटो त्याचे उत्तर देतो. आंबटपणा आणि गोडी यांचा त्यात असा मेळ असतो, की वर चीज घातल्याने त्याची चव झाकली जाते, असे म्हणणारे जुने नेपल्सकर आहेत. त्यांचे म्हणणे पटण्यास फार वेळ लागत नाही.

तरीही काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पिठात यीस्ट असते आणि ते कमीत कमी आठ तास, पुष्कळ ठिकाणी रात्रभर किंवा अधिकही फुगत ठेवतात. आंबवलेले व रात्र उलटलेले पीठ जे वर्ज्य मानतात, त्यांच्यासाठी मारिनाराही नाही. त्यांनी बॅगेतील खाखऱ्यावर आणि नेपल्सच्या उत्तम फळांवर भागवणे हेच योग्य. भट्टी आणि हात तेच, आणि शेजारी मार्गेरिताही भाजला जातो, हेही खरे. आपल्या नियमाची मर्यादा कोठे आखायची हे ज्याचे त्याने, शक्यतो घरून निघण्यापूर्वी, ठरवावे. रांगेत दीड तास उभे राहून, मुले भुकेलेली असताना, दारात उभ्याने केलेला विचार बहुधा सोयीचा असतो, विवेकाचा नसतो. तिथीला हिरवे न खाणाऱ्यांनी तो वार टाळावा. चौविहार करणाऱ्यांना उन्हाळ्यात अडचण नाही. जूनमध्ये नेपल्सला सूर्य मावळतो तो साडेआठनंतर. डिसेंबरमध्ये मात्र पावणेपाचच्या आतच मावळतो, आणि शहरातील अनेक पिझ्झेरिया दुपारी बंद होऊन सातनंतर उघडतात. ‘दा मिकेले’ दुपारीही चालू असते, ही आणखी एक सोय.

नेपल्समध्ये इतरही नामवंत लहान दुकाने आहेत. व्हिया देई त्रिबुनाली या एकाच अरुंद रस्त्यावर सोर्बिल्लो आणि दी मात्तेओ ही घराण्यांची नावे हाकेच्या अंतरावर आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दी मात्तेओत पिझ्झा खाल्ला होता. पोर्ताल्बा या वेशीजवळची पिझ्झेरिया १८३० पासूनची. चव तेथेही उत्तम. परंतु याद्या लांब आणि भट्टीच्या त्याच दगडी तळावर, त्याच फावड्याने, सलामीचा पिझ्झाही फिरतो. अन्य शहरांत असे दुकान शोधायचे असेल, तर ज्याच्या दारात छायाचित्रांची यादी धरून माणूस बोलावत उभा आहे ते सोडावे. ज्याची यादी एका पानाच्या आत संपते आणि जेथे ओटा व भट्टी दोन्ही दिसतात, तेथे चौकशी करावी. एक सावधानता मिठाईवाल्यांबाबत. नेपल्सची पदरापदरांची स्फोल्यातेल्ला आपल्या खाजाची आठवण करून देते, पण तिच्यात परंपरेने चरबी असते. मिरे घातलेले कुरकुरीत तारल्लीही चरबीचेच. दिसायला ते इतके निरुपद्रवी असतात, की पिझ्झ्यात सांभाळलेला नियम तेथे नकळत मोडतो.

उधारीचा उल्लेख केल्यावाचून व्यापारी वाचकांसाठी हा विषय पुरा होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नेपल्स उद्ध्वस्त झाले होते. भट्ट्या मोडल्या होत्या, चीज आणि लाकूड महाग होते. तेव्हा तळमजल्यावरील एकखणी घरांत राहणाऱ्या बायका दारातच कढई मांडून पिझ्झा तळू लागल्या. घेणाऱ्याजवळही पैसे नसत. म्हणून ‘ओज्जी आ ओत्तो’ ही पद्धत चाले: आज खा, आठव्या दिवशी दे. तारण नाही, जामीन नाही, कागद नाही; गल्लीतील तोंडओळख एवढीच पत. कढई मांडणारी बाई स्वतः गरीब, पण ती गल्लीची सावकारही होती आणि व्याज मात्र घेत नव्हती. आठवड्याची मजुरी हाती पडली की वसुली, आणि त्याच दिवशी नवी उधारी. १९५४ मध्ये व्हित्तोरिओ दे सिका यांनी काढलेल्या ‘लोरो दि नापोली’ या चित्रपटात सोफिया लॉरेन अशीच पिझ्झेवाली झाली आहे आणि त्या कथाभागाचे नावच ‘उधारीचे पिझ्झे’ असे आहे. ‘आठ दिवसांचा पिझ्झा’ हा शब्द ड्यूमाच्याही कानी पडला होता. त्याने त्याचा अर्थ आठ दिवसांपूर्वी भाजलेला शिळा पिझ्झा असा लावला आणि तसा लिहूनही टाकला. नेपल्सच्या लोकांचा अर्थ उधारीचा आहे, आणि उधारी पाहिलेल्या कोणालाही तोच खरा वाटेल.

आज दुकानात उधारी चालत नाही. बिलात बसण्याचा आकार, ‘कोपेर्तो’, वेगळा लावलेला असू शकतो. ती फसवणूक नसून इटलीतील रीत आहे, त्यावरून वाद घालू नये. मात्र गल्ल्याजवळ नेपल्सची आणखी एक रीत चालू आहे. कॉफी पिऊन निघताना माणूस कधीकधी एका कॉफीऐवजी दोनचे पैसे देतो. दुसरी कॉफी ‘सोस्पेसो’, म्हणजे टांगून ठेवलेली. थोड्या वेळाने कोणी गरजू दारात येतो आणि एवढेच विचारतो: टांगलेली आहे का? असेल तर त्याला मिळते. देणारा कोण हे घेणाऱ्याला कळत नाही, घेणारा कोण हे देणाऱ्याला. काही पिझ्झेरियांतही आता अशी सोय आहे. पैसे देऊन ठेवायचे असतील तर गल्ल्यावरच्या माणसाला ‘ऊना पिझ्झा सोस्पेसा’ असे म्हणावे. जेथे ही रीत आहे, तेथे तो एका जादा पिझ्झ्याचे पैसे घेतो आणि नाव विचारत नाही.